सभामंडपातली पंगत
न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या होली अपॉसल्स चर्चने १९८२ मध्ये भुकेल्यांसाठी अन्नछत्र सुरू केले. १९९० च्या आगीत चर्चची वाताहत झाली, पण अन्नछत्र बंद पडले नाही. पुढे दुरुस्ती झाली, तेव्हा बाक पुन्हा बसवलेच नाहीत. रंगीत काचांच्या खिडक्यांखाली, प्रार्थनेच्याच जागी जेवणाची टेबले आली. दारात आलेला इथे ‘पाहुणा’ असतो. त्याच्या हाती गरम ताट येते आणि अडीअडचणीत सल्लाही मिळतो. लेखक इयन फ्रेझर यांनी तर या पाहुण्यांसाठी लेखनवर्ग सुरू केला. मला हे फार मोलाचे वाटते. भुकेल्याला घास द्यावाच, पण त्याची कहाणीही ऐकावी. अन्नदान पुरे होते ते तिथेच.