मिस्त्रीची डायरी आणि चालू बिलाचा कागद

बांधकामाच्या धंद्यात आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत, ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. सेंटरिंग, गवंडीकाम, फरशी, नळजोडणी, वायरिंग, ग्रील-शटरचे वेल्डिंग, रंगकाम ही कामे करणारी मंडळी कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावातही गल्लोगल्ली आढळतात. घनसावंगी, अंबड, परतूर, जालना येथपर्यंत ती कामे घेतात. हातात कसब आहे, अंगात मेहनत आहे. परंतु काम झाल्यावर पैसे मागण्याची वेळ आली की त्यांची जी ओढाताण होते, ती आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आमचे स्पष्ट मत असे आहे की या ओढाताणीला पैसे देणारा जितका जबाबदार आहे, तितकेच आपले मागण्याचे ढंगही जबाबदार आहेत.

आमच्या ओळखीच्या एका सेंटरिंगवाल्याचे उदाहरण पाहा. शहरातील एका इमारतीचे मजुरीचे काम त्याने घेतले. खिशातल्या डायरीत 'शेठकडून दहा हजार', 'पाच माणसे, अर्धा दिवस' अशा नोंदी. काम संपल्यावर हिशेबाला बसले तेव्हा याच्या डायरीत उचल २,७५,००० आणि ठेकेदाराच्या वहीत ३,१०,०००. पॅरापेट आणि पाण्याची टाकी मूळ ठरावात नव्हती, 'करून टाक, पाहून घेऊ' या एका शब्दावर केलेली. ती 'पाहून घेऊ'मध्येच राहिली. चार माणसे मध्यस्थीला बसली आणि निम्मे सोडून मिटवले. खोटे कोण बोलत होते? आमच्या मते कदाचित कोणीच नाही. दोघांकडेही दोघांनी पाहिलेला एकही कागद नव्हता.

टप्प्याटप्प्याने काम दाखवून पैसे मागणे ही काही परकी रीत नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल ज्याने बांधले, त्याला ती पाठ आहे. साध्या प्रदेशात १,२०,००० रुपयांचे साहाय्य एकदम हातात पडत नाही. जोते झाले, पुढे छतापर्यंत काम आले, त्याचे फोटो चढले की पुढचा हप्ता. सार्वजनिक बांधकाम खात्यातही हेच मोठ्या प्रमाणावर चालते: मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एम.बी.त नोंद, त्यावरून चालू बिल, ज्याला सारे आर.ए. बिल म्हणतात. अमेरिकेत तेथील वास्तुविशारदांच्या संस्थेचे जी-७०२ आणि जी-७०३ हे दोन छापील नमुने याच कामासाठी चालतात. पहिल्यात एका पानाचा गोषवारा आणि ठेकेदाराची सही, दुसऱ्यात बाबवार तपशील. तिकडील साइटवार खर्च ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून हा अहवाल तयार होऊन बाहेर पडतो. नावे वेगळी, तत्त्व एकच.

ते तत्त्व म्हणजे प्रत्येक बिल आरंभापासून आजपर्यंतच्या संपूर्ण कामाचे असते, केवळ या महिन्याचे नव्हे. एकूण झालेले काम लिहावयाचे आणि त्यातून मागील बिले वजा करावयाची. आपली मंडळी नेमके उलट करतात. 'या खेपेला पन्नास हजार द्या' म्हणतात, आणि ते पन्नास हजार कशाचे, हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

हिशेब करून दाखवतो. समजा मजुरीचा ठेका ६,००,००० रुपयांचा आहे. त्याचे भाग पाडले: पाया व कॉलम १,५०,०००, स्लॅब २,००,०००, विटकाम १,५०,०००, प्लास्टर १,००,०००. आजघडीला पाया पूर्ण, स्लॅब ६० टक्के, विटकाम २० टक्के, प्लास्टर शून्य. म्हणजे १,५०,००० अधिक १,२०,००० अधिक ३०,०००, एकूण ३,००,०००. मालकाने लेखी सांगितलेली पाण्याची टाकी २०,०००, ती स्वतंत्र ओळीत. झाले ३,२०,०००. ५ टक्के अनामत ठरली असेल तर १६,००० वजा, राहिले ३,०४,०००. मागील बिल १,८०,००० च्या कामाचे होते, त्यातून ९,००० अनामत गेली, म्हणजे १,७१,००० पूर्वीच मिळाले. या खेपेचे येणे १,३३,०००. मधल्या काळात ४०,००० उचल घेतली असेल तर ९३,०००.

मुख्य ठेकेदार आयकराची कपात करीत असेल तर एकट्या कारागिराच्या नावावर ती १ टक्का, म्हणजे या बिलाच्या १,४०,००० च्या कामावर १,४००. हातात ९१,६०० पडतील. ही कपात बुडत नाही, आपल्या पॅनवर जमा दिसते आणि विवरणपत्र भरून परत मागता येते. पॅनच दिले नाही तर मात्र हीच कपात २० टक्के होते. चाळीस वर्षांचे अनुभवी मिस्त्री पॅन देण्याची टाळाटाळ करून स्वतःचे नुकसान करून घेतात, याचे आम्हाला नवल वाटते.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. दुकानदार मंडळींना टॅली परिचित आहे. तिच्यात 'कॉस्ट सेंटर' नावाची सोय असते. प्रत्येक साइटचे एक सेंटर करून मजुरी, प्लेटांचे भाडे, तार, खिळे, टेम्पोभाडे त्या त्या साइटवर चढवले की कोणत्या कामात किती खर्च पडला ते एका पानावर दिसते. वर सांगितलेला बिलाचा तक्ता मात्र बहुतेक जण एक्सेलमध्येच बनवतात आणि त्यात काही कमीपणा नाही. एकदा सूत्रे बसवली की दर महिन्याला फक्त टक्केवारीचा रकाना बदलावयाचा. घरातला बारावी शिकलेला मुलगा-मुलगी हे काम एका संध्याकाळी करील. महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नये, असेच आम्ही म्हणू. बाबवार नोंद नीट नसेल तर संगणकातून सुबक छापलेली चूक बाहेर येते, इतकेच.

खरा लाभ दोन पाने शेजारी ठेवण्यात आहे. बिलात काम ३,२०,००० चे आणि खर्चाच्या पानावर २,९५,००० पडले असतील, तर फायदा किती बारीक आहे ते अर्ध्या कामावर असतानाच कळते. विटकामाचा दर कमी पडला हे पहिल्या मजल्यावर समजले तर बोलता येते. गच्चीवर पोहोचल्यावर समजून काय उपयोग?

येथे एका वाईट सवयीचाही उल्लेख करणे भाग आहे. पैशाची नड असली की २० टक्के झालेले विटकाम ४० टक्के लिहिण्याचा मोह होतो. समोरचा कच्चा असेल तर ते खपूनही जाते. परंतु तो पैसा दुसऱ्या साइटच्या मजुरीत जिरतो, आणि शेवटच्या महिन्यात काम भरपूर व येणे काहीच नाही अशी अवस्था होते. साइट अर्धवट टाकून जाण्याचे प्रकार बऱ्याचदा येथूनच सुरू होतात.

जादा कामाविषयी एकच सांगणे. ज्या दिवशी तोंडी सांगितले, त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवाव्यात: काम कोणते, दर काय. समोरून 'हो' आले की ती ओळ पुढच्या बिलात. पाहुण्या-रावळ्यांत, मित्रांत लिहून मागणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण समजतात. सूरह बकरहमधील २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, ती मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे, याची आठवण अशा वेळी द्यावी. कोणी नाराज होणार नाही.

अनामत हा तर विसरण्याचाच पैसा झाला आहे. काम संपून सहा महिने, वर्ष झाले की ती परत मिळावयाची असते. पण डायरी तोवर फाटलेली असते. प्रत्येक बिलावर 'आजपर्यंतची एकूण अनामत' ही ओळ असली तर ती आपोआप डोळ्यांसमोर राहते. कायद्याने केलेल्या कामाच्या पैशासाठी सर्वसाधारणपणे काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. या मुदतीत समोरच्याने देणे मान्य करून सही दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून बिलाच्या प्रतीवर 'मिळाले' एवढीच सही न घेता 'हिशेब मान्य, बाकी अमुक' अशी घ्यावी.

इतके करूनही पैसे वेळेवर मिळतीलच असे आम्ही म्हणत नाही. शासकीय कामांची बिले महिनोन्‌महिने अडकतात आणि वरचा अडकला की खालचा आपोआप अडकतो. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकल्याची चर्चा राज्यभर झाली. त्याच्या नावावर काम नव्हते, तो उपठेकेदार असावा, असे शासनाच्या बाजूने सांगितले गेले. त्या प्रकरणाच्या खऱ्याखोट्यात आम्ही शिरत नाही. परंतु 'तुमच्या नावावर काम नाही' हे वाक्य आपल्या प्रत्येक सेंटरिंगवाल्याला आणि फरशीवाल्याला लागू पडते, हे विसरता येत नाही. शासनाच्या दप्तरात त्याचे नाव कधीच नसते. निदान मुख्य ठेकेदाराच्या सहीच्या कागदावर तरी ते असावे.

आणि जो न्याय वरच्याकडे मागावयाचा, तो खालच्याला द्यावयाचा की नाही? ज्या मिस्त्रीला ठेकेदाराने कागद दिला नाही, तोच मिस्त्री आपल्या हाताखालच्या बिगाऱ्याची हजेरी कुठे लिहितो? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ज्याची हजेरीच कोणी लिहिली नाही, तो दाखला आणणार कोठून? साइटवार खर्चाची नोंद ठेवली की मजुरीच्या ओळीतूनच ही हजेरी तयार होते, वेगळे कष्ट पडत नाहीत.

तो सेंटरिंगवाला सध्या दुसऱ्या साइटवर आहे. भाच्याने त्याला तक्ता करून दिला. पहिल्या बिलात जोत्यात मुरूम भरल्याचे ४,५०० रुपये लिहावयाचे राहून गेले. दुसऱ्या बिलात ते स्वतंत्र ओळीत लिहिले, आणि ठेकेदाराने कोणतीही खळखळ न करता सही केली.