औषधाचा रिकामा डबा रिकामा नसतो



ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्याकडं दिवस उजाडतो तो ब्लोअरच्या आवाजानं. आज डाऊनी, उद्या भुरी, परवा थ्रिप्स. कुठलं औषध, किती मिली, यावर पारावर तासभर बोलणं होतं. पण मारून झाल्यावर डब्याचं काय केलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मीही विचारत नव्हतो.

दोन वर्षांमागं विरळणीला बायका होत्या. दुपारी जेवताना एक मावशी पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधनं पाणी घेत होत्या. लेबल निघालेलं, पण झाकण ओळखीचं वाटलं. विचारलं, "मावशी, हा कॅन कुठला?"

"तुमच्याच बांधावरचा, दादा. चांगला दिसला, राखेनं घासून घेतला."

कॅन मीच टाकलेला. पाणी तिथंच ओतून दिलं. त्यांना काही झालं नाही, ही देवाची कृपा. पण चूक त्यांची नव्हती, माझी होती.

असाच डबा कारखान्यातनं निघाला तर तो घातक कचरा. नोंद ठेवून परवाना असलेल्यांकडंच द्यावा लागतो. अशा कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं केंद्रं आहेत. शेत ही पण कामाचीच जागा, पण आपल्याला केंद्र म्हणजे बांध, ओढा नाहीतर भंगारवाला. 2016 च्या घनकचरा नियमांत कीटकनाशकाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले, दर 20 चौरस किलोमीटरला जमा केंद्र सांगितलं. पण ते शहरासाठी होतं. डबे निघतात शिवारात आणि केंद्र शहरात, हा कुठला हिशेब?

आपल्यासाठी आहे 1971 च्या कीटकनाशक नियमांतला 44 वा नियम. डबे उघड्यावर टाकू नका, फोडून वस्तीपासून लांब पुरा. आता पुरायचं कुठं? जिकडं बघावं तिकडं कुणाची विहीर, कुणाचं बोअर. एका हंगामात माझीच दोन पोती भरली. सगळ्या गावानं पुरली तर तेच आपल्या पाण्यात यायचं. जाळावं म्हटलं तर तो विषारी धूर आपल्याच नाकात. भंगारात दिलं तर त्या प्लास्टिकचं पुढं काय बनतं, कुणाला ठाऊक?

म्हणून माझं मत सरळ आहे. डबा ज्या दुकानातनं आला, त्याच दुकानात परत गेला पाहिजे, आणि तिथनं कंपनीनं उचलला पाहिजे. हे काही स्वप्न नाही. ब्राझीलनं 2000 साली कायदाच केला. शेतकऱ्यानं डबा धुऊन वर्षाच्या आत परत द्यायचा, पुढची जबाबदारी कंपनीची. तिथं नव्वद टक्क्यांहून जास्त डबे परत येतात. तिथला शेतकरी करतो, मग आपण का नाही?

पण तोवर आपल्या हातातलं तरी करूया. औषध कालवतानाच, डबा वाळायच्या आधी, त्यात पाव भाग स्वच्छ पाणी घ्या. झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. असं तीन वेळा. विहिरीवर, ओढ्यात धुऊ नका. टाकीत ओतलं की औषधही वाया जात नाही, ते पैशानंच आणलेलं असतं. मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे परत कुणी त्यात पाणी भरणार नाही. पुडे पूर्ण झाडून, कापून वेगळ्या पोत्यात भरा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं कुलपात ठेवा. कामावरच्या माणसांनाही स्पष्ट सांगा, हा कॅन घरी न्यायचा नाही.

कृषी खात्याच्या साहेबांना एक विनंती. 2017 ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासनं मास्क, हातमोजे यावर बोलणं वाढलं. चांगलंच झालं. आता त्याच कार्यक्रमात दहा मिनिटं डब्यालाही द्या.

माझी दोन पोती शेडात पडून आहेत. दुकानदाराला विचारलं तर तो हसला. आम्ही पाच-सहाजण ग्रामसभेत ठराव मांडणार आहोत, की गावातल्या डब्यांसाठी एक बंद खोली द्या आणि ते उचलायला कंपन्यांना लिहा. तुमच्या गावात कुणी अशी सोय केली असेल तर जरूर सांगा. आमच्या ठरावाला आधार होईल.