हुकूम आणि जवानाची जबाबदारी

'जवानाने हुकूम तपासत बसू नये' हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मुळीच पटले नाही. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यातील कलम ४१ शिक्षा सांगते ती 'कायदेशीर' हुकूम मोडण्याला, वाटेल तो हुकूम मोडण्याला नाही.

मनात शंका आली म्हणून शिपायाने रणांगणावर वाद घालावा, असे मीही म्हणणार नाही. उघड गुन्ह्याच्या हुकुमाची गोष्ट वेगळी. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. त्यांत बायका होत्या, तान्ही मुले होती. लेफ्टनंट विल्यम कॅलीने 'वरून हुकूम होता' असा बचाव केला. लष्करी न्यायालयांनी तो फेटाळला. साधारण समजेच्या माणसालाही जो बेकायदा आहे हे कळते, असा हुकूम पाळणारा स्वतः दोषी ठरतो.

त्याच दिवशी ह्यू थॉम्प्सन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवून काही जीव वाचवले. त्याबद्दल 'सोल्जर्स मेडल' मिळायला मात्र १९९८ उजाडले! पत्रलेखकांच्या न्यायाने बेशिस्त ठरतो तो थॉम्प्सनच. त्यांनी कलम ४१ एकदा मुळातून वाचावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा