प्रकल्प मुलाचा, जागरण आईचं

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्या संपून शाळा सुरू झाल्या की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. रात्रीची जेवणं आटोपलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, आणि चिरंजीव किंवा कन्यारत्न दारात उभं राहून म्हणतं, "आई, उद्या प्रकल्प द्यायचा आहे वं!" मग बाबा गाडी काढून स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का ते बघायला धावतात, ताई मोबाइलवर माहिती शोधते, आई चित्रं कापून चिकटवते. ज्याचा प्रकल्प तो मात्र साडेदहाला गाढ झोपलेला! सकाळी फाईल चकचकीत तयार. गुण मिळतात, पण कुणाला, ते तुम्हीच सांगा.

मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे या फायली मला टेबलाच्या पलीकडूनही दिसतात. एकदा सातवीच्या वर्गाला 'पाणी' हा विषय दिला होता. एका मुलानं धरणाची सुरेख प्रतिकृती आणली. त्यात निळा दिवासुद्धा लागत होता. "हे कोणत्या नदीवरचं धरण रे?" असं विचारलं, तर तो छताकडे पाहू लागला. त्याच वर्गात एक मुलगी होती. तिची आई कापूस वेचायला जाते. तिनं साधी वही आणली होती. दहा दिवस घरात रोज किती गुंड पाणी आलं, कुणी आणलं, कशाला लागलं, एवढंच तीत लिहिलेलं. रेघा वाकड्या होत्या, पण विचाराल ते ती सांगत होती. शेवटी म्हणाली, "बाई, सहा गुंड मीच आणते अन् दादा एकही नाही आणत." रोज पाणी भरणाऱ्या मुलीला ही गोष्ट वहीत मांडल्यावर पहिल्यांदा दिसली. मी जास्त गुण तिला दिले, हे सांगायला नकोच.

प्रकल्प असतो तो यासाठी. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, त्यात मुलानं स्वतः हेतू ठरवून मनापासून केलेलं काम यावरच भर होता. आपल्या शेजारच्या वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद भरली, तिथं गांधीजींनीही हाताच्या कामातून शिकण्याचा विचार मांडला. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागा मिळाली. पण काम आपण उरकून टाकलं, तर मूल एवढंच शिकतं की अडलं की आई करते. आणि 'तू राहू दे, तुझं वाकडं होतं' हे दोन-चारदा ऐकलं की आपल्या हाताला काही जमत नाही असंही त्याला वाटू लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मुलांना आखणी कुठली जमायला? अहो, आपल्याला ती कुणी शिकवली? कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं. आदल्या रात्री आठवून चालत नाही. लग्नाची तारीख निघाली की आपण तिथून मागं मोजत येतो: रुखवत कधी, पत्रिका कधी, आहेर कधी. हेच मागं मोजत येणं मुलांना शिकवायचं आहे.

पाण्याचंच उदाहरण घेऊ. समजा, आज ४ तारीख आहे आणि प्रकल्प २५ ला द्यायचा आहे.

पहिलं काम, प्रश्न ठरवणं. 'पाणी' हा काही प्रश्न नव्हे. 'आमच्या घरी रोज किती पाणी लागतं आणि ते कुठून येतं?' हा प्रश्न झाला. तो मुलानं एका वाक्यात स्वतः लिहायचा. उत्तरही शोधता येण्याजोगं आहे: अकोल्याचं पाणी काटेपूर्णेच्या महान धरणातून येतं, अमरावतीचं मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून.

दुसरं, कॅलेंडर. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि पेन मुलाच्या हातात द्या. २५ ला गोल. २३ आणि २४ हे दोन दिवस मोकळे सोडायचे, ताप येतो, पाहुणे येतात, वीज जाते. २० ते २२ स्वच्छ लिहिणं आणि चित्रं. १७ ते १९ बेरजा आणि तक्ता. ७ ते १६ रोजचं मोजमाप. मग उरले ५ आणि ६. त्यात एक लिटरच्या बाटलीनं मोजून बादलीत, गुंडात, ड्रममध्ये किती पाणी मावतं ते लिहून ठेवायचं. एकवीस दिवस पुष्कळ वाटले होते ना? आता मुलालाच दिसतं की सुरुवात उद्याच करायला हवी.

तिसरं, चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच काम. 'माहिती गोळा करणे' असं लिहिलं तर मूल बसूनच राहतं. 'आजोबांना विचारणे, लहानपणी पाणी कुठून आणायचे' असं लिहिलं की ते उठून जातं. काम झालं की चिठ्ठी त्यानं स्वतः फाडायची. त्यातला आनंद बघाच.

चौथं, खोकं. बुटाचं रिकामं खोकं घ्या. वही, चिठ्ठ्या, कात्री, कात्रणं सगळं त्यातच. ऐन वेळी शोधाशोध नको.

आपल्या वऱ्हाडात या प्रकल्पाला एक छान जोड देता येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला तुमचं माहेर किंवा कुणी नातलग असेल तर तिथल्या विहिरीचं बाटलीभर पाणी मागवा. दोन सारख्या ताटल्यांत एक-एक वाटी पाणी घालून उन्हात ठेवा, एकीत नळाचं, दुसरीत विहिरीचं. पाणी आटल्यावर कुठल्या ताटलीत पांढरा थर जास्त उरतो ते मुलाला पाहू द्या. आपल्याकडे कुणाच्या दारात पाणी असूनही ते पिता का येत नाही, ते त्या थरात दिसतं.

यात आखणीचाही मोठा धडा आहे. बाटली आणायला मामा रविवारीच येणार, म्हणजे त्याला निरोप आजच द्यायला हवा. कडक ऊन असेल तर पाणी एक-दोन दिवसांत आटेल, ढग आले तर जास्त दिवस लागतील. काही कामं आपल्या हातात नसतात, म्हणून ती आधी सुरू करायची, हे मुलाला न सांगता समजतं.

आईनं काय करावं? रोज संध्याकाळी एकदाच विचारावं, "आज कुठली चिठ्ठी?" मुलाला एकट्याला जाता येत नाही तिथं सोबत जावं. गॅस आणि धारदार सुरी आपल्या हातात ठेवावी. बाकी हात मागे! अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. एखादा दिवस मोजायचा राहिला तर वहीत 'राहिला' असंच लिहू द्या, आकडा मनानं घालायला लावू नका.

तिसरी-चौथीच्या मुलांना तीन-चार चिठ्ठ्या आणि आठवडाभराचं काम पुरे. आठवी-नववीची मुलं महिन्याची आखणी स्वतः करतात, तुम्ही फक्त कॅलेंडरवर नजर ठेवा. गटाचा प्रकल्प असेल तर कोण काय करणार ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहायला सांगा. नाही तर लिहिणं-रंगवणं मुलींकडे जातं आणि वर्गापुढे बोलायला मुलगे उभे राहतात. हे मी पुष्कळदा पाहिलंय. कामं आलटून-पालटून वाटायला लावा.

आणि हो, मोजमापाच्या वहीत एक रकाना वाढवा: 'पाणी कुणी भरलं?' दहा दिवसांनी घरातल्या सगळ्यांनी मिळून तो वाचावा. पुढच्या आठवड्यात नळ आला की ड्रम भरायला मुलगाही आपणहून उठला, तर कोणत्याही गुणांपेक्षा ते मोठं समजा.