जकात लावतो कोण आणि भरतो कोण?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ऑगस्ट २०२५ मध्ये हिंदुस्थानच्या मालावर जकात बसविली. ता. ७ रोजी शेकडा २५, आणि रशियाचे तेल विकत घेता म्हणून दंडादाखल ता. २७ रोजी आणखी शेकडा २५, मिळून शेकडा ५० झाली. तेच तेल चीनही घेत होता, पण त्याच्या वाट्यास हा दंड आला नाही, असो. या दरांची घासाघीस पुढेही चालू राहिली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण विचारतील की, सातासमुद्रापलीकडच्या त्या व्हाइट हाउसात कोण बसतो आणि तो कोणावर जकात बसवितो, याच्याशी आम्हां कुणब्यां-कोष्ट्यांस काय कर्तव्य? कर्तव्य आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

जकात परका देश भरतो, असे ट्रंपसाहेबांनी सभांतून किती वेळा सांगितले याची गणती नाही. आमचा धंदा मास्तरकीचा, सबब हे उदाहरण फळ्यावर मांडूनच पाहू. तिरुपूरच्या कारखान्यातून शंभर रुपयांचा एक सदरा अमेरिकेस गेला. तेथील बंदरावर शेकडा पन्नासप्रमाणे पन्नास रुपये कोण मोजतो? हिंदुस्थान सरकार मोजीत नाही. तो माल उतरवून घेणारा अमेरिकेचाच व्यापारी मोजतो. आता हे पन्नास रुपये त्याने कोठून काढावे? एक वाट त्याच्या स्वतःच्या नफ्यातून जाते, पण त्या वाटेने व्यापारी फार वेळ चालत नाही. दुसरी वाट गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते. सदरा महाग होतो आणि अमेरिकेतला मजूर तो महाग घेतो. तिसरी वाट अशी की, तो तिरुपूरला कळवितो, "भाव पाडा, नाहीतर दुसरीकडून घेतो." मग कारखानदार शिलाईवरच्या बाईची मजुरी कापतो किंवा तिला घरी बसवितो. तिकडचा मजूर आणि इकडची शिलाईवाली, दोघांची तोंडओळखही नाही. पण एकाच पावतीवर दोघांच्या अंगठ्याचे ठसे उमटतात. ज्याने जकात लावली, त्याचा ठसा तेवढा कोठे सापडत नाही.

हा आमचा नुसता तर्क नव्हे. ट्रंपसाहेब पहिल्या वेळी २०१७ साली गादीवर आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर, म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्रावर, जकात बसविली. देशी कारखाने वाढावेत आणि कामगारास काम मिळावे हा हेतू सांगितला गेला. हेतू वाईट नव्हता. परंतु अर्थशास्त्रज्ञांनी मागाहून हिशेब केला, तो पाहण्यासारखा आहे. यंत्राचा भाव शेकड्यास सुमारे १२ चढला. परक्या यंत्राचाच नव्हे, तर ज्यावर जकात नव्हती त्या देशी यंत्राचाही चढला. शेजारच्याने भाव वाढविल्यावर आपण का मागे राहावे? कपडे वाळविण्याचे यंत्र त्याच्या जोडीने विकले जाते, म्हणून त्यावर जकात नसतानाही त्याचाही भाव चढला. या साऱ्यातून नोकऱ्या निघाल्या सुमारे १,८००. गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाकाठी गेले दीड अब्ज डॉलर. अब्ज म्हणजे शंभर कोटी. एका नोकरीमागे आठ लाख डॉलरांहून अधिक पडले. त्यांपैकी कामगाराच्या हाती किती आले असतील, ते वाचकांनीच ताडावे.

आता शेतकऱ्याची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या आयोवा, इलिनॉय या मुलखांत सोयाबीन अफाट पिकते, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे चीन. २०१७ साली चीनने सुमारे १२ अब्ज डॉलरांचे अमेरिकन सोयाबीन घेतले. ट्रंपसाहेबांनी चीनच्या मालावर जकात बसविताच चीनने ता. ६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या सोयाबीनवर शेकडा २५ जकात लावली. त्या साली विक्री १२ अब्जांवरून सुमारे ३ अब्जांवर आली. गिऱ्हाईक ब्राझीलकडे गेले. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. बाजारात एकदा गेलेले गिऱ्हाईक परत आणणे किती कठीण असते, हे आमच्या भाजीवाल्या माळणीसही ठाऊक आहे.

शेतकऱ्यांत ओरड झाली तेव्हा सरकारने तिजोरी उघडली. दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरांची मदत जाहीर झाली आणि तीपैकी सुमारे २३ अब्ज वाटले गेले. पण वाटप कसे झाले? पहिल्या साली पिकाच्या मापावर आणि दुसऱ्या साली एकरांवर. म्हणजे ज्याची जमीन दांडगी त्याची थैलीही दांडगी. दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर या हिशेबात कोठेच बसला नाही, कारण त्याच्या नावावर ना एकर ना माप.

वाचकहो, हे एकाच पक्षाचे पाप म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते. जानेवारी २०२१ मध्ये गादी बदलली. बायडनसाहेब दुसऱ्या पक्षाचे. त्यांनी चीनवरील बहुतेक जकाती जशाच्या तशा ठेवल्या, आणि २०२४ साली चिनी विजेच्या मोटारींवरील जकात तर शेकडा १०० केली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ट्रंपसाहेब पुन्हा आले आणि सोयाबीनचे नाटक पहिल्या अंकापासून सुरू झाले. चीनने कित्येक महिने अमेरिकेचे नवे पीक घेतलेच नाही. ता. ३० ऑक्टोबर रोजी दक्षिण कोरियात उभयतांची भेट झाली, तेव्हा खरेदीचा वायदा झाला. आणि डिसेंबरात शेतकऱ्यांस पुन्हा १२ अब्ज डॉलरांची मदत जाहीर करावी लागली. दुखणे आपणच आणावयाचे, औषधाची पुडी आपणच वाटावयाची, आणि वर वैद्य म्हणून मानही आपणच घ्यावयाचा!

आमच्या वऱ्हाडच्या वाचकांस अधिक जवळची गोष्ट कापसाची आहे. धाकटे बुशसाहेब २००१ ते २००९ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी २००२ साली शेतीचा मोठा कायदा सही करून मंजूर केला, आणि कापूसवाल्यांस अब्जावधी डॉलरांची सरकारी मदत चालू राहिली. ही मदत मिळाली म्हणजे तेथील मालदार शेतकरी पडत्या भावातही कापूस पिकवितो, बाजारात ढीग पडतो, आणि जगातला भाव आणखी उतरतो. ज्यास मदत नाही तो मरतो. आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली ही चार गरीब राष्ट्रे कापसावर जगतात. २००३ साली त्यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे ही दाद मागितली. हीच गुरुकिल्ली यवतमाळ-अमरावतीच्या बाजारातील भावाचीही आहे, कारण कापसाचा भाव जगाच्या बाजाराशी बांधलेला असतो.

ब्राझीलने मात्र नुसती दाद मागितली नाही, रीतसर फिर्याद लावली आणि ती जिंकली. आता न्यायाने काय व्हावयास हवे होते? मदत बंद व्हावयास हवी होती. झाले ते निराळेच. ओबामासाहेबांच्या कारकीर्दीत, २०१० साली, अमेरिकेने ब्राझीलच्या कापूसवाल्यांस वर्षाला सुमारे १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले आणि आपल्या शेतकऱ्यांची मदत तूर्त तशीच ठेवली. २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. फिर्यादीस पैसे देऊन गप्प केले, एवढाच त्याचा अर्थ. माली आणि बुर्किना फासोच्या कुणब्यास या तडजोडीतून एक छदामही मिळाला नाही, कारण वकील देण्याची त्याची ऐपत नव्हती. बुशसाहेब एका पक्षाचे, ओबामासाहेब दुसऱ्या पक्षाचे. कापसाच्या बाबतीत दोघांचे सूत सारखेच निघाले.

चांगल्यास चांगले म्हणण्याची आमची रीत आहे. ओबामांनी २०१० साली आरोग्यविम्याचा कायदा केला, त्यामुळे ज्यांस वैद्याचे दार बंद होते अशा लक्षावधी माणसांस ते उघडले. बायडन यांच्या २०२२ च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी विम्यात इन्सुलिनची किंमत महिन्यास ३५ डॉलरांवर बांधली. मधुमेहाचे दुखणे ज्याच्या घरी आहे त्यास याचे मोल सांगावयास नको. पण दुसरे पानही वाचावे. मजुरीचा जो किमान दर साऱ्या अमेरिकेसाठी मध्यवर्ती कायद्याने ठरतो, तो जुलै २००९ मध्ये तासास सव्वासात डॉलर झाला, आणि २०२५ साल संपले तरी तोच राहिला. या मुदतीत तीन राष्ट्राध्यक्ष झाले. २००८ साली पेढ्या बुडू लागल्या तेव्हा त्यांच्यासाठी ७०० अब्ज डॉलरांची मंजुरी काही आठवड्यांत मिळाली. इराकवर २००३ साली जी स्वारी झाली ती महाभयंकर शस्त्रांच्या नावाने. ती शस्त्रे सापडली नाहीत, आणि अमेरिकेचे चार हजारांवर शिपाई तेथे मेले. इराकची माणसे किती मेली ती गणती तर लाखांत जाते.

अमेरिकेतील शेतकरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या यंत्रावर बसलेला गोरा जमीनदार येतो. परंतु त्या शेतीचे भाजीपाला-फळांचे बरेचसे काम मेक्सिको वगैरे देशांतून आलेले मजूर करतात, आणि त्यांपैकी पुष्कळांजवळ राहण्याचा परवाना नाही. २०२५ साली धरपकडीची मोहीम शेतांपर्यंत गेली, तेव्हा आमचे राबणारे हात जातात म्हणून जमीनदारांनीच तक्रार केली. ऑक्टोबरात सरकारने हंगामासाठी परदेशाहून कायदेशीर आणलेल्या मजुरांच्या किमान मजुरीची रीत बदलली. त्यामुळे मजुरी उतरली. हात हवे आहेत, त्यांचा दाम मात्र नको.

आणि काळा शेतकरी? १८६५ साली गुलामगिरी मोडली, तेव्हा सुटलेल्या लोकांस जमिनी देण्याचा हुकूम एका सेनापतीने काढला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच साली तो फिरविला. तरीही त्या लोकांनी घाम गाळून जमिनी मिळविल्या. १९२० साली काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते. २०२२ च्या शेतीगणनेत ते पन्नास हजारांच्याही खाली आहेत. सरकारी कचेरीत कर्ज मागावयास गेले की कारकून अर्ज दाबून ठेवी, पेरणी उलटल्यावर मंजुरी येई. हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगण्याची गरज आहे काय? त्यांनी दावा लावला. १९९९ साली एक तडजोड झाली. २०१० साली ओबामांनी आणखी सव्वा अब्ज डॉलरांच्या भरपाईवर सही केली. २०२१ साली बायडन यांनी त्यांच्या व इतर मागे पडलेल्या शेतकऱ्यांच्या कर्जफेडीसाठी सुमारे ४ अब्ज डॉलर मंजूर करविले. लागलीच गोरे शेतकरी कोर्टात गेले, की हा आमच्यावर अन्याय आहे! कोर्टाने वाटप थांबविले आणि पुढल्या साली तो कायदाच मागे घ्यावा लागला. त्याच्या जागी, ज्यांच्यावर कर्जाच्या कामी पक्षपात झाला अशा कोणत्याही शेतकऱ्यास भरपाई, असा नियम आला, आणि २०२४ साली सुमारे ४३,००० जणांस मिळून २ अब्ज डॉलर वाटले गेले. जुलै २०२५ मध्ये मात्र त्यांच्या शेतीखात्याने मागासलेल्या वर्गांसाठी असलेली खास तरतूदच बंद केली. सोयाबीनची मदत वाटताना कोणी कोर्टात धाव घेतली नव्हती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतील ज्या लोकांस अर्पण केले, ते गुलामांस मुक्त करणारे लोक होते. त्यांच्या नातवंडां-पणतवंडांच्या देशातला हा व्यवहार आहे.

आता आपल्या दारात या. अमेरिकेने शेकडा पन्नासची जकात बसविताच येथील कापडगिरण्या व तयार कपड्यांचे कारखाने अडचणीत आले, हे खरे. त्यांस स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्ली सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरील शेकडा ११ आयातकर ता. १९ ऑगस्ट २०२५ पासून उठविला. प्रथम मुदत सप्टेंबरअखेर होती. ती वाढवून ता. ३१ डिसेंबर केली. म्हणजे जकात लावली अमेरिकेने, आणि त्यावर तोडगा म्हणून आपण आपला दरवाजा ज्या कापसास उघडा केला, त्यात अमेरिकेचाही कापूस होता. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे! मुदत तरी कोणती निवडली? नेमकी आपला कापूस फुटून बाजारात येण्याची. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलास ७,७१० रुपये व लांब धाग्याचा ८,११० जाहीर झाला होता. पण सरकारी खरेदीसाठी आधी मोबाइलवर नाव नोंदवा, सातबारा चढवा, ओल मोजून घ्या, मग आपली पाळी. ज्याच्या घरी साठवणीस कोठी नाही आणि ज्याचे देणेकरी दिवाळीच्या आधीच ओट्यावर येऊन बसतात, त्याने गावातल्याच व्यापाऱ्यास त्याहून कमी भावाने माप घातले.

गिरण्या जगाव्या, हे आम्हांस मान्य आहे. तेथेही आपलीच पोरे मजुरीस आहेत. परंतु अमेरिकेच्या सरकारने निदान आपल्या सोयाबीनवाल्यास, वेडेवाकडे का होईना, भरून तरी दिले. येथे गिरणीस सूट मिळाली आणि तिची किंमत कापूसवाल्याने मोजली. त्या चार साडेचार महिन्यांत करमाफीने किती गाठी कापूस आला, आणि हमीभावाखाली विकावे लागलेल्या दर क्विंटलामागचा फरक सरकार शेतकऱ्यास देणार की नाही, हे दोन प्रश्न आपापल्या तालुक्याच्या आमदारास व खासदारास लेखी विचारावे आणि त्यांचे जे उत्तर येईल ते आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते नावानिशी छापू.