तेरची वीट, तुळजापूरची निविदा

तुळजाभवानी मंदिराच्या 1,865 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने 6 मे 2025 रोजी चौंडीच्या बैठकीत मान्यता दिली. धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातल्या एकाच गावात एवढा पैसा पुन्हा केव्हा येईल, सांगता येत नाही. तो कशावर आणि कोणाच्या हातून खर्च होणार, हे आताच विचारले पाहिजे. फरशीपासून दिव्यांपर्यंत सगळे बाहेरून आणायचे ठरले, तर इथल्या पाथरवट, कुंभार, सुतार, बुरडांच्या वाट्याला फार तर रोजंदारी येईल. देवीच्या दारातल्या कामात त्यांचा वाटा याहून मोठा असला पाहिजे.

तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. तरी आराध्यांनी आणि गोंधळ्यांनी ती कवडी या गावाची करून टाकली. माल बाहेरचा, गोवणारे हात इथले आणि मागणी बारमाही. ही कला संग्रहालयात गेली नाही, कारण ती लोकांच्या गळ्यात आहे. मात्र मानांकनाची नोंद 10 वर्षांची असते आणि त्याचा लाभ हवा असेल तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. प्रत्यक्ष माळ गोवणाऱ्या बाईचे नाव त्या नोंदवहीत नसेल, तर मानांकनाचा पैसा व्यापाऱ्याच्या गल्ल्यातच थांबेल. नोंदणीचे कागद प्रशासनाने तिच्या दारी नेऊन भरून घ्यावेत.

या जिल्ह्याची कारागिरी किती जुनी, याचे उत्तर तेरमध्ये आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नावाने या गावाची नोंद आहे: पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाई. संत गोरोबाकाकांचे गाव तेच. तेरच्या जुन्या विटांनी तर आजच्या अभियंत्यालाही थांबवावे. त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा तूस मिसळायचा. भट्टीत तो जळून जातो, विटेत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. हातचा शेतीचा कचरा आणि नदीकाठची माती वापरून वजन कमी करण्याची ही युक्ती आहे. आज ज्याला शाश्वत रचना म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

हलकेपणाचे मोल या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरातल्या भूकंपात हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, दोन्ही अंगांना बांधून धरणारे दगड नाहीत आणि वर माळवदाचे प्रचंड ओझे. पण जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत उभे राहिले. जुने ते सगळे चांगले, असे म्हणणाऱ्यांनी ढिगारे आठवावेत. जुने ते सगळे धोक्याचे म्हणणाऱ्यांनी ते खांब आठवावेत. परंपरेतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे तपासूनच ठरते, आणि ती तपासणी आपण तीस वर्षांत नेटाने केलेली नाही. तुसाची वीट किती भार पेलते, पावसात किती टिकते, उन्हाळ्यात खोली किती थंड ठेवते, हे जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मोजावे. मोजताना कुंभाराला शेजारी बसवावे आणि त्याला त्याचे मानधन द्यावे. कारागिरांची पाहणी करायला तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र 1986 पासून आहेच.

योजना नाहीत असे नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, अवजारांसाठी 15,000 रुपये आहेत, 5 टक्के व्याजाने कर्ज आहे. त्यात कुंभार आहे, टोपल्या विणणारा आहे. घोंगडी विणणारा सनगर मात्र नाही. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीला कातरणीचा खर्च निघेल इतकाही भाव मिळेना, म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात. एकीकडे भक्तनिवासांसाठी कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे खरेदी होणार आणि दुसरीकडे इथली लोकर उकिरड्यावर, हे आम्हाला मान्य नाही. अवजार आणि कर्ज देऊन काम मिळत नाही. काम गिऱ्हाईक देते. आणि तुळजापुरात पुढची काही वर्षे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. आराखड्यातील खरेदीचा ठरावीक हिस्सा जिल्ह्यातील कारागिरांसाठी राखून ठेवावा: भक्तनिवासातल्या घोंगड्या, प्रसादासाठी वेळूच्या टोपल्या, पाणपोईचे माठ, दगडी घडकाम. उलाढाल आणि अनामत रकमेच्या अटी बचत गटांना आणि कारागिरांच्या सहकारी संस्थांना शिथिल कराव्यात, नाहीतर राखीव हिस्साही मोठा ठेकेदारच उचलेल. तलावातून काढलेल्या गाळाचा वाटा शेताबरोबर कुंभाराच्या चाकालाही मिळावा. मालाचे पैसे महिन्याच्या आत मिळतील, असे करारात लिहावे. उधारीवर वर्ष काढण्याची ताकद कुठल्याच बुरडात नाही. यासाठी नवी योजना नको की नवा निधी नको. निविदेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने या चार अटी घालायच्या आहेत, आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी मसुदा मंजूर होण्यापूर्वी त्या वाचून पाहायच्या आहेत.