शब्दविचार : वल्हें, अरित्र आणि कर्णधार

गेल्या वैशाखांत आम्ही सारीं घरचीं माणसें जयगडास चार दिवस होतों. शास्त्री नदी समुद्रास मिळते, तेथें दक्षिण तीरावर जयगड आणि समोर उत्तरेस तवसाळ. आतां मोटारींसकट माणसें पलीकडे नेणारी फेरीबोट झाली आहे, आणि २००९ पासून मोठ्या जहाजांचें बंदरही चालू आहे. तथापि धक्क्याशीं बांधलेल्या इंजिनाच्या एका लहानशा होडींत दोन वल्हीं ठेवलेलीं पाहून पुतण्यानें नावाड्यास विचारलें, "इंजिन असतां हीं कशाला?" नावाडी हंसून म्हणाला, "इंजिन रुसलं, म्हणजे घरीं कोण नेईल?"

पुतण्या शाळेंत संस्कृत शिकतो. वल्ह्यास संस्कृतांत काय म्हणतात, असें त्यानें विचारतांच मीं सांगितलें, "अरित्र." दादा शेजारींच होते. ते म्हणाले, "चुकलास. अरित्र म्हणजे सुकाणूं. अमरकोश उघडून पाहा." वाचकहो, रात्रीं पानें वाढलीं तरी हा वाद मिटला नाहीं.

दादांचा आधार भक्कम होता. अमरकोशांत नौकादंड व क्षेपणी हीं वल्ह्याचीं नांवें एकत्र येतात. अरित्र व केनिपातक ही जोडी निराळी असून ती सुकाणूंकडे लावितात. माझा आधार अधिक जुना. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ११६ व्या सूक्तांत, तुग्राचा पुत्र भुज्यु समुद्रांत सांपडला असतां अश्विनीदेवांनीं त्यास शंभर अरित्रांच्या नावेंतून तारिलें, अशी कथा आहे. एका नावेस शंभर सुकाणूं असणें संभवत नाहीं. तेथें वल्हीं हाच अर्थ घेतला पाहिजे. पाणिनीनें 'जाणें' या अर्थाच्या ऋ धातूस 'इत्र' प्रत्यय लावून हा शब्द साधिला आहे. ज्याच्या योगानें नाव जाते, तें अरित्र. त्याच सूत्रानें कापण्याचें लवित्र म्हणजे विळा, खणण्याचें खनित्र म्हणजे कुदळ, आणि मनुष्याचें चरित्र, हेही शब्द सिद्ध होतात.

अरित्राचे भाऊबंद युरोपांतही आहेत. ग्रीकांचें एरेत्मोन, लॅटिनांतील रेमुस आणि वल्हविणें या अर्थाचें इंग्रजी 'रो' हीं सर्व एकाच कुळांतलीं. इंग्रजी 'रडर' म्हणजे सुकाणूं. तोही याच घराण्यांतला, आणि पूर्वीं त्याचा अर्थ वल्हें असा होता. जर्मनांचा 'रूडर' शब्द तर दोन्ही अर्थ अद्याप वाहतो. तेव्हां वल्ह्याचें सुकाणूं होणें हा एकट्या संस्कृताचा प्रमाद नव्हे.

पण असें कां व्हावें? याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं धक्क्यावर मिळालें. तोच नावाडी इंजिन बंद करून होडी लावीत होता. दोन्ही वल्हीं सारख्या जोरानें ओढलीं, तेव्हां होडी सरळ आली. मग एका बाजूचें थांबवून त्यानें दुसरेंच ओढलें, तों होडीचें तोंड वळलें. शेवटीं एक वल्हें मागें पाण्यांत तिरपें धरून त्यानें ती अलगद टेकविली. चालविणारें तेंच आणि वळविणारेंही तेंच! पुढें केवळ वळविण्याचें साधन वेगळें झालें, तेव्हां जुनें नांव त्याच्याबरोबर गेलें, यांत नवल नाहीं. दादा आणि मी, दोघेही खरे ठरलों.

इतिहासही तेंच सांगतो. १७१३ च्या तहानें जयगड कान्होजी आंग्र्यांकडे राहिला. आंग्र्यांच्या आरमारांतील मोठ्या गुराबा शिडांवर चालत. लहान गलबतांस चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे हींच गलबतें दोर लावून गुराबांस ओढून नेत. मोठ्या तोफा गुराबांवर, नांव सरखेलांचें, आणि चाल मात्र वल्हविणाऱ्यांच्या दंडांची.

हें मी जेवतांना सांगत असतां वाढतां वाढतां वहिनी म्हणाल्या, "भावोजी, कर्ण म्हणजे सुकाणूं, तें धरणारा कर्णधार, असें तुम्हींच मागें सांगितलें होतें. संस्थेचा कर्णधार, संघाचा कर्णधार, घराचा कर्णधार! वल्हविणाऱ्यास असा एखादा मानाचा शब्द आहे का हो?"

वेदांत आहे. वल्हविणारा तो 'अरितृ'. दुसऱ्या मंडलांत पक्ष्याच्या वाणीस, नाव पुढें लोटणाऱ्या अरितृची उपमा दिली आहे. पण तो शब्द मराठींत रूढ झाला नाहीं, आणि त्याच्या जागीं मानाचा दुसराही कोणी आणिला नाहीं. वल्हें अंगाकडे ओढणारा नावेंत पाठमोरा बसतो. ज्या तीरास जावयाचें, तें त्यास दिसत नाहीं. सुकाणूं धरणाऱ्याच्या शब्दावर विसंबून तो ओढीत असतो. अशीं माणसें प्रत्येक मोठ्या घरांत असतात, आणि तीं बहुधा सर्वांच्या मागाहून जेवतात.

दादा कांहीं बोलले नाहींत. परंतु वहिनींचें पान त्या रात्रीं आमच्याच पंगतींत मांडलें गेलें, आणि तें दादांनीं मांडलें.